चौथ्या भागातली बाई

कंधार
३ नोव्हेंबर १९८६

चि. सिंधुस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या नव्या जिल्ह्याचं कौतुक वाचलं. चार वर्षांत कलेक्टर कचेरी आली, साहेब आले, साहेबांच्या गाड्या आल्या, पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं. पाणी मात्र पाटी बदलून येत नाही, हे निलंग्यात राहणाऱ्या माणसाला मी काय सांगावं? इकडे मन्याडीच्या पात्रात पोरं चेंडूफळी खेळतात. टँकर आला की तीच पोरं घागरी घेऊन पळतात.

मी रागात आहे आणि त्या रागातच लिहायला बसलोय. आमच्याकडे चौकात, कुलपाच्या पेटीत, नगरपालिकेनं टीव्ही ठेवलाय. काल संध्याकाळी त्याच्यासमोर रोजगार हमीच्या कामावरून आलेल्या बायका बसल्या होत्या. दिवसभर खडी फोडून हातांची सालटं निघालेली. तेवढ्यात जाहिरात लागली. 'बलामृत' नावाची पूड. एक गुबगुबीत पोरगं पेलाभर पितं आणि भिंतीवरून उडी मारतं. माझ्या पुढची बाई शेजारणीला म्हणाली, "आपल्या ह्याला ही पूड कुठं मिळंल गं?" त्या बाईच्या घरी थोडी का होईना ज्वारी आहे, हुलगा आहे, दारात शेवगा उभा आहे. आणि ती त्या डब्याकडे असं बघत होती, जणू आपण आजवर पोरांना खायला घातलं ते सगळं गुन्ह्यातच जमा.

दुष्काळानं माणूस उपाशी राहतो. हे डबे त्याला त्याच्या ताटाची लाज शिकवतात. ही दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच भयंकर वाटते.

तुझ्या अंगणवाडीत तू बाहुल्या करतेस ना? मग या जाहिरातीची टर उडव. सोबत तीन भागांच्या खेळाचा कागद जोडलाय. एक 'डबाराव' आहे, एक 'भाकरबाई'. डबाराव म्हणतो, "मी शक्तीचा राजा!" भाकरबाई म्हणते, "झाकण काढ आधी, आत काय हाय ते बघू दे." पुढे शेवग्याची पानं, हुलगा, करडीचं तेल आणि अंडं, असे सगळे दरबारात येतात. अंड्याला नीट जागा दे. स्वस्त आहे, ताकदीचं आहे, आणि आपल्या माणसांनी ते चोरून खावं असं काही त्यात नाही.

घरी बरं आहे. माय बरी आहे. सरजाला, तुझ्या वहिनीला, पाचवा महिना लागला. मागच्या खेपेचं तुला ठाऊक आहे, आठव्यात गेलं. या खेपेला नीट होईल. कामावरच्या बायकांना सुकडी मिळावी म्हणून आमची लढाई चालू आहे. उमरीहून, लोह्याहून कार्यकर्ते येतात, ओसरीवर बैठका होतात. आपल्या घरून कुणी उपाशी गेलं नाही, सरजा जाऊच देत नाही.

तुझा दादा,
साहेबराव हणमंते


निलंगा
१७ नोव्हेंबर १९८६

दादास,
सप्रेम जय भीम.

बाहुल्या झाल्या. जुने कागद भिजवून, मेथ्यांचं पीठ घालून लगदा केला, टोपल्या लिंपतो तसाच. डबारावाला खऱ्या डब्याचं झाकण बसवलं. भाकरबाईचं तोंड एका बाजूनं जरा करपवलं, तर बायका म्हणाल्या, आता ओळखू येती.

खरी गंमत आमच्या मदतनीस गौरम्माची. तिकडच्या सीमेवरच्या औरादजवळची, लिंगायत. मी तिला अंड्याचा आवाज काढायला सांगितलं.

"बाई, जन्मात अंडं खाल्लं न्हाई मी. आन् आता अंड्याच्या तोंडानं बोलू?"

"तुमच्याइतका गोड आवाज कुणाचा नाही, अज्जी."

"येन माडोदु," आता काय करायचं, असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी असं अंडं बोलली की पोरं लोळली. "मला फोडा, उकडा, पन माझ्यावरून भांडू नका!" हे वाक्य तुझ्या कागदात नव्हतं. तिनंच घातलं.

खेळ पाच ठिकाणी झाला. सगळीकडे हसले. पण शेवटच्या गावात चतुराबाई म्हणून एक आहे, तीन लेकरांची आई. ती खेळ संपल्यावर म्हणाली, "बाई, तुमच्या भाकरबाईनं डब्याला पाडलं, लई चांगलं झालं. पन शेवटाला ती टोपल्यात किती उरती?" पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत. मी रात्री सगळं पुन्हा वाचलं, दादा. तुझ्या कागदात काय खावं ते सगळं आहे. कोण कधी जेवतं ते नाही.

म्हणून विचारते. वहिनी काय खाते? मी इथं गरोदर बायांची कार्डं भरते तसंच लिही. सकाळी काय, दुपारी काय, संध्याकाळी काय. आणि दवाखान्यात नेऊन वजन कर. मागच्या वेळी कुणी केलं नव्हतं.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमचा खेळ ठेवलाय. लातूरला जायचं म्हणून गौरम्मा आत्तापासून लुगडं घडी करून उशाला ठेवते.

तुझी,
सिंधु


कंधार
२८ नोव्हेंबर १९८६

चि. सिंधुस,
सप्रेम जय भीम.

गौरम्माबाईंना माझा जय भीम सांग. न खाणारी बाई अंड्याची बाजू मांडते, हे मला दहा व्याख्यानांपेक्षा मोठं वाटलं. मी ते परवाच्या उमरीच्या सभेत सांगितलं. टाळ्या पडल्या.

चतुराबाईचा प्रश्न मोठा आहे. मी त्यावर दोन दिवस वाचत होतो. जगात जिथे जिथे दुष्काळ पडला तिथे धान्य संपलं म्हणून माणसं मेली नाहीत, ज्यांना मागायचा हक्क नव्हता ती मेली. हेच कुटुंबालाही लागू आहे. यावर खेळाचा चौथा भाग लिहायचा माझा विचार आहे. मोठ्या ताकदीचं भाषण होईल. भाकरबाई उभी राहून थेट समाजाला प्रश्न विचारील.

सरजाचं विचारलंस. अगं, पळी तिच्या हातात, टोपलं तिच्याजवळ, तिला कोण अडवणार? सगळ्यांचं झालं की ती आणि माय निवांत बसतात. मी घरात स्वयंपाकावर कधी बोट ठेवत नाही, कमी-जास्त म्हणत नाही. परवा लोह्याचे सहा जण अचानक आले. तिनं तोंड वाकडं न करता पिठलं-भाकरी केली. उमरीचा ग्यानोबा म्हणाला, "वैनी, तुमच्या हातची भाकर खाल्ली की आठ दिवस उपोषण करता येतंय." ती पदरात हसली.

तिचे डोहाळे मात्र आपल्या मातीतले आहेत. खापरीचा तुकडा तोंडात धरते. पावसाचे चार थेंब पडून भिंतीला वास सुटला तर नखानं पोपडा काढून खाते. मी तिला चिडवलं, "आम्ही जमिनीसाठी मोर्चे काढतो, तू तर जमीन खातेस." मध्ये मध्ये घेरी येते, पण या उन्हात कुणाला येत नाही? नोव्हेंबरात चैत्राचं ऊन आहे.

प्रदर्शनाचं काय झालं ते लगेच कळव.

तुझा,
दादा


निलंगा
१२ डिसेंबर १९८६

दादास,
जय भीम.

आधी वहिनीचं. माती खाणं हे डोहाळे नव्हेत. आमच्या प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात, अंगात रक्त नसलं की बाई माती, खापरी, कोळसा खाते. घेरी येते ती उन्हानं नाही. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघ. आत लाल असायला पाहिजे. पांढरी दिसली तर उद्या नको, आजच दवाखान्यात ने.

आणि एक सांग. तू वहिनीला जेवताना शेवटचं कधी पाहिलंस? वार लिही.

आता प्रदर्शनाचं. खूप गर्दी झाली. टीव्हीच्या केंद्रातले एक साहेब आले होते. मुलांच्या कार्यक्रमात चार शनिवार चार भाग दाखवू म्हणाले. लातूरला येऊनच चित्रण करतील, जानेवारीत. मी हो म्हणून आले. दोन दिवसांनी त्यांचं पत्र आलं, अंडं काढा. सगळ्या प्रकारचे लोक बघतात, कुणाच्या भावना दुखायला नकोत. त्याऐवजी दूध आणि सफरचंद घाला. निलंग्याच्या बाजारात सफरचंद पाहिलेलं मूल मी तरी बघितलेलं नाही.

मी काय करू? अंड्यावर अडले तर चारही भाग जातील. टीव्हीवर गेलं तर चतुराबाईसारख्या हजार जणी एका वेळी बघतील. मी झोपेतसुद्धा याचाच विचार करतेय.

पण आधी पापणी बघ.

सिंधु


कंधार
२२ डिसेंबर १९८६

चि. सिंधु,

अंडं निघणार नाही. एवढं वाक्य लिहून पत्र बंद करणार होतो.

सफरचंद दाखवा म्हणतात! दुष्काळात सुकलेल्या पोराला सफरचंदाचं चित्र दाखवणं ही क्रूर थट्टा आहे. आणि दुखतात त्या कुणाच्या भावना? जे हजारो वर्षं आमच्या ताटात डोकावून आम्हाला खालचे ठरवत आले त्यांच्या. आपल्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेतली ती कुणाच्या ताटाला भिऊन राहण्यासाठी घेतली नव्हती. डबारावाची टर उडवायची आणि साहेबरावाच्या पुढे झुकायचं, हे होणार नाही. (साहेबराव म्हणजे ते साहेब, मी नव्हे.) अंड्याशिवाय खेळ होणार असेल तर माझे कागद परत पाठव.

आता दुसरं. तुझ्या पत्राचा सूर मला लागला. वार लिही म्हणतेस, फौजदारानं विचारावं तसं. मी तिला दवाखान्यात नेलं. लोहाच्या गोळ्या दिल्या. तिला त्यानं मळमळतं, म्हणून पुडी खुंटीला आहे. घे म्हणून मी रोज सांगतो. जेवतेस का, असं मी तिला सरळ विचारलं. मायच्या समोर, ओसरीवर पाच माणसं बसलेली असताना विचारलं. ती म्हणाली, "हाव, जेवते की." आणखी काय पुरावा पाहिजे? रोज संध्याकाळी आम्ही उठल्यावर आत तिचं ताट वाजतं, राखेनं घासते ते मला ओसरीवर ऐकू येतं. न जेवता कुणी ताट घासतं का?

मी आयुष्यभर बायकांच्या बाजूनं उभा राहिलो. माझ्याच घरात मी कुणाला उपाशी ठेवीन, असं तुला वाटलंच कसं?

चौथ्या भागाचं भाषण सोबत जोडलं आहे. एक शब्द बदलू नकोस.

साहेबराव


निलंगा
१६ जानेवारी १९८७

दादास,
जय भीम.

चार तारखेला मी अचानक आले आणि दुसऱ्या दिवशी तशीच निघाले, म्हणून माय रागावली असेल. तू रागावला नसशील. मी आले ते तुला कळलं की नाही, हीच शंका आहे. ओसरीवर आठ माणसं होती. मी दोनदा तुझ्याजवळ येऊन उभी राहिले. दोन्ही वेळा तू म्हणालास, "थांब सिंधु, एवढा मुद्दा होऊ दे."

मी चुलीपाशी जाऊन बसले. संध्याकाळभर तिथंच होते.

मी जे पाहिलं ते पत्रात लिहिलं, तर तू त्याला उत्तर लिहिशील. तुझं उत्तर नेहमीच माझ्या पत्रापेक्षा चांगलं असतं. म्हणून लिहीत नाही.

वहिनीला म्हटलं, माझ्यासोबत निलंग्याला चल, बाळंतपण मी करते. तिनं मान हलवली. "मी गेल्यावर ह्यांच्या माणसांना कोन करून घालील?" मायला म्हटलं. माय म्हणाली, "आम्ही बी तसंच केलं, मेलो का?" माय, तुझी पाच झाली आणि दोन राहिली, असं माझ्या तोंडावर आलं होतं. निघताना तिथल्या नर्सबाईला घरी जायला सांगून आले. त्या गेल्या होत्या का? मला कळव. मी त्यांना दोन पत्रं टाकलीत, उत्तर नाही.

चित्रण झालं. अंडं राहिलं. सांगते कसं. साहेब म्हणाले, "बाई, पुन्हा सांगतो, अंड्याचं कट करू." गौरम्मा पडद्यामागून उठली, हातात अंडं तसंच, आणि म्हणाली, "साहेब, मी न खानारी, बोलाया तयार हाय. तुम्ही खानारे, ऐकायला का भिता?" कॅमेरावाला खाली बसून हसला. साहेबांना पण हसू आलं. "सकाळी माझ्या बशीत काय होतं ते हिनं बघितलं वाटतं," असं म्हणून ते मागे झाले.

म्हणजे तुझा शब्द मी पाळला. दुसरा मोडला. चौथा भाग मी बदलला. बदलला म्हणजे तुझा ठेवून दिला आणि माझा केला. तुझं भाषण चांगलं होतं, दादा. म्हणूनच ठेवून दिलं.

२४ तारखेपासून दर शनिवारी साडेसहाला. चौथा भाग १४ फेब्रुवारीला. त्या दिवशी वहिनीला सोबत घेऊन बस. एवढं ऐक.

सिंधु


कंधार
१७ फेब्रुवारी १९८७

सिंधु,

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. महिनाभर अबोला धरला. पहिले तीन शनिवार चौकात बसून मी तुझा खेळ पाहिला, लोक टाळ्या वाजवत होते, आणि माझे शब्द तुझ्या बाहुल्यांच्या तोंडून ऐकताना माझा राग जात होता. डबारावाचं झाकण उडालं तेव्हा चहावाल्या नरसिंगनं शिट्टी मारली. पोरं आता बलामृतची जाहिरात लागली की ओरडतात, "झाकण काढ आधी!"

चौथ्या शनिवारी चौक भरला होता. दोनअडीचशे माणूस. माझी माणसं माझ्या दोन्ही बाजूंना. पडदा उघडला तर एक बाहुला उभा. गळ्यात माझ्यासारखाच निळा मफलर, उजवा हात वर. तो कुटुंबाच्या आहारावर भाषण करत होता. मध्येच कुणी आलं की म्हणायचा, "थांबा, एवढा मुद्दा होऊ दे." नरसिंग माझ्याकडे बघून ओरडला, "गुरुजी, तुमचं बोलनं उचललं की वो बाहुल्यानं!" चौक हसला. मीही हसलो. सिंधु, मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मला तो मान वाटला.

मग ओसरीवरचे बाहुले जेवायला बसले आणि मागे चुलीजवळची बाई दिसली. पोट पुढे आलेली. वाढत होती. "आणखी एक घ्या," म्हणत होती की नाही कळत नव्हतं, कारण तिला तू आवाजच दिला नव्हतास. शेवटी तिनं टोपलं उपडं केलं. त्यातून काही पडलं नाही. मग तिनं कोरडं ताट घेतलं, राख घेतली, आणि जोरात वाजवून घासलं. बाहेर मफलरवाला म्हणाला, "ऐका! जेवली ती. ताट वाजलं." पुन्हा हसले लोक. मग तिनं चुलीपासली खापरी मोडून तोंडात टाकली.

तेव्हा कुणी हसलं नाही. मागून एका बाईचा आवाज आला, "अगं माय, हे ह्यांना कुनी सांगितलं?" माझ्या शेजारी ग्यानोबा बसला होता. तो माझ्याकडे बघेना. मी त्याच्याकडे बघेना.

तू मला चौकात उभं करून मारलंस. विरोधकांनी आजवर दगड मारले, शेण मारलं, मी भाषण थांबवलं नाही. त्या दिवशी मी उठलो आणि मला रस्ता दिसेना. पत्रात का नाही लिहिलंस? तुझ्या सगळ्या चुका मी रात्री कागदावर मांडल्या. चार पानं झाली. भाऊ म्हणून माझी काय जागा, स्त्रीचं खाजगीपण, टीव्हीसारख्या माध्यमाची जबाबदारी. चारही पानं उत्तम होती. सकाळी फाडली.

मी तिला सोबत नेलं नव्हतं. तू सांगितलं होतंस, तरी. खेळ संपल्यावर सगळे घरी जेवायला येणार होते, म्हणून ती घरी भाकरी थापत होती. त्या दिवशी कुणी आलं नाही. चौकातूनच सगळे पांगले. मी घरात गेलो तर टोपलं भरलेलं आणि ती दाराकडे बघत होती. "बाकीचे?" म्हणाली.

मी म्हणालो, "कुणी येत नाही. तू बस. जेव."

ती बसली. घास मोडला, हातात धरला. बराच वेळ धरला.

"तुम्ही बाहेर जावा."

"का?"

"असं बघत बसल्यावर गिळवत न्हाई."

मी ओसरीवर गेलो. ओसरी मोकळी होती. थोड्या वेळानं आत जाऊन बघितलं, तर अर्धी भाकर संपली होती. म्हणाली, "आता एवढीच जाती." पोट आक्रसून गेलंय, सिंधु. मी तिची पापणी ओढून बघितली. डिसेंबरात तू लिहिलं होतंस तेव्हा बघितली नव्हती. दवाखान्यात नेलं, गोळ्या आणल्या, म्हणजे झालं असं धरलं होतं. आत चुन्यासारखी पांढरी आहे.

काल डॉक्टरनं रक्त तपासलं. पाच. बारा लागतं. त्यांनी मला विचारलं, "ही बाई चालत आली?" नर्सबाई तीनदा येऊन गेल्या होत्या म्हणे. दर वेळी ओसरीवर बैठक चालू होती आणि सरजानं त्यांना दारातूनच चहा पाजून पाठवलं.

आठवा चालू आहे. नांदेडला नेतोय.

साहेबराव


(पोस्टकार्ड)
नांदेड, २० फेब्रुवारी १९८७

सिंधु,
ताबडतोब दोन बाटल्या रक्त पाहिजे म्हणाले. माझं जुळलं नाही. कंधारला निरोप धाडला. संध्याकाळच्या एसटीनं अकरा जण उतरले, उमरीचे, लोह्याचे. सगळे आपल्या ओसरीवर जेवलेले. रक्त घेणाऱ्या बाईंनी ग्यानोबाला विचारलं, "पेशंटचे कोण तुम्ही?" तो म्हणाला, "त्यांच्या घरी जेवलेला हाय." बाईंना कळेना काय लिहावं. तिघांचं जुळलं. एक बाटली चढली आहे. ती थंडीनं कुडकुडते. मी बाहेर बसून आहे. तू ये.
दादा


कंधार
२९ मार्च १९८७

सिंधुबाईंना,
सरजाचा जय भीम.

मला चौथीपर्यंत अक्षर आहे. ते सुद्धा मोडलं. चुकलं तर तुमच्या पोरांचं सुधारता तसं सुधारून घ्या.

तुम्ही दहा दिवस नांदेडात राहून केलं त्याचं काय बोलू. तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी पोरगी झाली. सव्वादोन किलो भरली. दवाखान्यातल्या बाई म्हणल्या, कमी हाय पन टिकंल. रडती तर अशी, की पलीकडच्या वार्डातली माणसं बघाया आली. बापावर गेली. मुद्दा पुरा होईस्तोवर थांबत न्हाई.

आता तुम्हाला बोलायचं ते बोलते. दवाखान्यात अंगात जीव न्हवता म्हणून बोलले न्हाई.

तुमचा चौथा भाग मी बघितला न्हाई. सगळ्या गावानं बघितला. नळावर, दळणाला, जिथं जाईल तिथं बाया माझ्या तोंडाकडं बघतात. एकजण म्हणली, "तुमची ती ताट वाजवायची अक्कल माझ्या बी घरी हाय." दुसरी म्हणली, "लई वाईट वाटलं तुमचं." मला कुनाचं वाईट वाटून घ्यायचं न्हवतं. तुम्ही दोघं भावंडं एका वळणाची. ते माझ्या वतीनं बोलत आले, तुम्ही माझ्या वतीनं दाखवलं. मला कुनी इचारलं न्हाई. चुलीपाशी बसून तुम्ही सगळं डोळ्यात घेतलं, तवा एक शब्द म्हणला असता, वैनी, हे दाखवू का?

मी काय म्हणले असते? नको म्हणले असते. आन् मग आज ही पोरगी मांडीवर असती का न्हाई ते मला ठाव न्हाई. म्हणून रागवावं का न्हाई हे बी कळंना. पन रागावले हाय, ते लिहून ठेवते.

आनखी एक. तुमच्या बाहुलीत खोट हाय. ती बाई नुस्ती उपाशी दाखवली. मला कुनी जेवू नको म्हणलं न्हवतं. ह्यांनी न्हाई, मायनं न्हाई. माणसं जेवून उठायची, "वैनी, काय भाकर झालीय," म्हणायची. ते ऐकलं की मला खरंच पोट भरल्यावानी वाटायचं. बापाच्या घरी मला कुनी काय म्हणलं न्हाई आन् हितं दहा माणसं माझं नाव काढतात. ते सोडवंना. ह्या दुष्काळात पीठ तेवढंच, मग कुनाच्या तरी ताटातलं कमी होनार. माझ्या ताटातलं मला काढता येत होतं, दुसऱ्याच्या न्हाई. हे तुमच्या खेळात न्हवतं. मग तो खेळ बघून लोक म्हणले, नवरा वाईट. नवरा वाईट न्हाई. कान फक्त स्वतःच्या तोंडाशी हाय त्यांचा.

आता घरात नेम झालाय. आधी मी जेवायचं, मग ओसरी. माय दोन दिवस तोंड फिरवून बसली, तिसऱ्या दिवशी माझ्यासंगं बसली. म्हणली, "बघू तरी आधी खाल्ल्यावर भाकर कशी लागती." ऊन ऊन भाकर माय पैल्यांदा खात होती. एक आनखी मागून घेतली.

माणसं येतात अजून. येताना फडक्यात आपापली भाकर बांधून आनतात, भाकरीसंगं खायाला कोरड्यास तेवढं मी करते. पन मला अजून लाज वाटती. बाहेर माणसं बसलेली आन् मी आत खाती. तुमचे भाऊ तर भाषन मधीच सोडून दारातून वाकून बघतात, जेवली का, जेवली का. परवा मीच वरडले, "जावा, तुमचा मुद्दा पुरा करा!" ओसरीवरचे सगळे हसले. ते बी हसले. हसताना डोळ्यात पानी आलं त्यांच्या, मी बघितलं, पन बघितलं न्हाई असं केलं.

तुम्ही पत्रात पाचवा भाग करायचा म्हणलं. टीव्हीचे साहेब मागतेत म्हणून. करा. मी नको म्हणत न्हाई. पन ह्या खेपेला त्या चुलीपासल्या बाईला तोंड द्या. तिनं काय बोलायचं ते भावानं लिहायचं न्हाई आन् तुम्ही बी लिहायचं न्हाई. मी सांगते तेवढंच घ्या.

ती जेवत बसलेली दाखवा. बाहेरून कुनीतरी हाक मारायची, वैनी, चार माणसं आलीत. आन् तिनं उठायचं न्हाई. बसल्या जागेवरून म्हणायचं, "बसा म्हणावं. मी जेवून राहिले."

गौरम्मांना सांगा, ह्याला बारीक आवाज काढू नका. ओसरीच्या पार पलीकडं ऐकू गेलं पायजे.

तुमची,
सरजा